मनात काही नाही

आमच्या गावात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, वर्षातून दोन-चार वेळाच व्हायचं. पाळकसाहेब तालुक्याहून एसटीने यायचे. पिशवीत पाव असायचा आणि मनुका उकळून काढलेल्या रसाची बाटली. गाव लातूर जिल्ह्यातलं, बहुतेक हिंदू शेतकऱ्यांचं. आम्ही ख्रिस्ती लोक गावाच्या कडेला, थोडीच घरं. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली.

पाव मोडायच्या आधी पाळकसाहेब थांबायचे. मग ज्याचं ज्याच्याशी वाजलं असेल त्यानं उठून त्याच्याजवळ जायचं, हात हातात घ्यायचा आणि विचारायचं, "मनात काही नाही ना?" समोरच्यानं म्हणायचं, "काही नाही." शास्त्रात सांगितलंय की अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा. आमच्याकडं त्याची अशी रीत पडली होती. सगळं झटपट उरकायचं. कुणाच्या मनात काही नाही असं ठरलं की पाव मोडायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत चांगली वाटली. पुढं कळलं की "काही नाही" म्हणायला काहीच लागत नाही.

माझी सासू वस्तीतली मोठी बाई. तिला मी आत्याबाई म्हणायची. तिचा आवाज खणखणीत आणि प्रार्थना अशी करायची की पाळकसाहेब डोळे उघडून बघायचे. शब्द कुठून आणायची कोण जाणे. बायकांची प्रार्थना बुधवारी असायची, ती तीच चालवायची. कुणाचं लेकरू आजारी, कुणाचा नवरा दारू पितो, कुणाची म्हैस अडली, सगळ्यांची नावं घेऊन ती देवासमोर मांडायची. बायका रडायच्या. आत्याबाईही रडायची.

तिची जाऊ आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिला सगळे धाकली म्हणायचे. दोघींचे नवरे आधीच गेलेले. धाकलीला एक मुलगी, ती नांदेडकडं उमरीला दिलेली, आणि एक मुलगा होता, तो मी यायच्या आधीच वारला. ही गोष्ट मला वस्तीतल्या बायकांनी सांगितली, आत्याबाईनं नव्हे.

तो पोरगा तापानं फणफणला तेव्हा धाकली आत्याबाईला बोलवायला आली. येऊन बसा म्हणाली, तुम्ही जवळ असल्या की मला धीर येतो. आत्याबाई येते म्हणाली. तिच्या घरी त्या दिवशी पापड लाटणं चाललं होतं. संध्याकाळी बायकांच्या प्रार्थनेत तिनं त्या पोराचं नाव घेऊन अशी प्रार्थना केली की वस्ती हलली म्हणतात. पण भिंतीपलीकडं काही ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा पोरगा गेला होता.

पुढच्या बुधवारी धाकली प्रार्थनेला आली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मह्या जावेची प्रार्थना ओठावरची हाय. पोरगं भिंतीपलीकडं व्हतं. देवापर्यंत गेली, पर तिथवर आली न्हाई."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

मी आले तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं. घरं एकमेकींना लागून, पाणी एका आडाचं, पण तोंड फिरवून चालायच्या. प्रभुभोजन आलं की मात्र उठायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं ते अजून डोळ्यासमोर आहे. दोघी खोलीच्या मधोमध आल्या, बोटांची टोकं एकमेकींना लावली, एकीनं पत्र्याकडं बघितलं, दुसरीनं जमिनीकडं. "मनात काही नाही ना?" "काही नाही." झालं. दोघींनी पाव घेतला, रस घेतला, आणि परत जाताना एकीनं वरचा रस्ता धरला, एकीनं खालचा.

मला हसू आलं होतं. घरी आल्यावर मी आत्याबाईला म्हटलं, हे कसलं हो. ती म्हणाली, "तुला काय कळतंय. लहान हायेस."

मला एक मुलगी झाली. लेकरांना मोठ्यांची भांडणं कळत नाहीत. ती चालायला लागली तशी धाकलीच्या घरातच असायची. धाकली तिला गुळशेंगदाणे द्यायची, तिच्या वेण्या घालायची. रात्री कितीदा तिथंच झोपायची. आत्याबाईला ते आवडत नसे, पण ती मनाई करत नव्हती. नातीला हाक मारायची असली की भिंतीकडं तोंड करून मारायची. पलीकडून धाकली पोरीला हळूच म्हणायची, जा, बोलवून राहिली तुझी आजी.

भूकंप झाला त्या पहाटे पोरगी तिथंच होती.

आमच्या भागातली घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. गावातले लोक गणपती बुडवून झोपले होते. मी आणि माझा नवरा कसे बाहेर आलो ते मला नीट सांगता येत नाही. आत्याबाई अंगणात बाजेवर होती म्हणून वाचली. दोन्ही घरांच्या मधली भिंत धाकलीच्या बाजूला पडली. हे मी पुष्कळ वेळा मनात उलटून पाहिलंय. ती आमच्या बाजूलाही पडू शकली असती. भिंतीला काही कळत नाही.

दगड उपसून दोघींना काढलं तेव्हा धाकलीचा हात माझ्या पोरीच्या अंगावर होता. झोपेत जसा असेल तसाच.

मी जास्त काही लिहिणार नाही त्याबद्दल. एवढंच लिहिते की दोघींना शेजारी ठेवलं होतं आणि आत्याबाई जाऊन धाकलीच्या डोक्याशी बसली. तिच्या केसातली माती काढत राहिली. माझ्या पोरीकडं तिनं बघितलं नाही. एकदाही नाही. मी समोर बसले होते. मी बघत होते ती बघते का.

पाऊस येत होता. पुरायची घाई होती. कुणी प्रार्थना करा म्हणालं तर सगळ्यांनी आत्याबाईकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी कुणीतरी जे येईल ते म्हटलं.

मग पत्र्याच्या शेडमध्ये राहणं आलं. ब्लँकेटं आली, बिस्किटं आली, लांबलांबचे लोक आले. ख्रिस्ती लोकही आले गाड्या भरून. ते रोज संध्याकाळी सभा घ्यायचे आणि साक्ष द्या म्हणायचे. देवानं तुम्हाला कसं वाचवलं ते उठून सांगा. लोक सांगायचे. एकाला म्हणे आवाज ऐकू आला. एकीला स्वप्न पडलं. आमचं प्रार्थनाघर पडलं नाही हा चमत्कार आहे असं एका पाहुण्यानं सांगितलं. पत्र्याचं होतं म्हणून पडलं नाही. गावातली पत्र्याची सगळीच उभी होती, बैलांचा गोठासुद्धा.

आत्याबाईच्या आवाजाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी तिला उभं केलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यापाशी साक्ष न्हाई. मी वाचले, ती गेली. का, ते मला ठाव न्हाई." आणि खाली बसली. त्या पाहुण्यांना काय करावं कळेना. त्यांनी गाणं सुरू केलं.

शेडमध्येच पहिलं प्रभुभोजन झालं. पाळकसाहेब नेहमीसारखे थांबले. लोक उठले, एकमेकांकडं गेले. त्या दिवशी पुष्कळ जण गळ्यात पडून रडले. आत्याबाई उठली. मला वाटलं कुणाकडं तरी जाईल. ती लोकांमधून वाट काढत बाहेर गेली आणि दारात चपलांच्या ढिगापाशी बसली. पाव वाटून झाला, शेवटचं गाणं झालं, तरी तिथंच.

त्या दिवसापासून तिनं प्रभुभोजन घेतलं नाही. मोठ्यानं प्रार्थनाही केली नाही. रविवार मात्र चुकवला नाही.

लोक म्हणायचे, म्हातारीचा विश्वास गेला. मीही तेच समजत होते. माझी लेक गेली तरी मी पाव घेत होते, ही कशाचा ताठा दाखवते, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मी काही मनापासून घेत नव्हते. पुढं येईल ते घ्यायचं, एवढंच.

मला पुढं मूल झालं नाही.

नवीन वसाहतीत घर मिळालं, पण काम मिळेना. काही वर्षांनी आम्ही लातूरला आलो. तोवर शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. नांदेड काय, परभणी काय, सगळीकडची पोरं डॉक्टर व्हायला इथं. भिंती पोरांच्या फोटोंनी भरलेल्या. माझा नवरा पोरांना क्लासला नेण्या-आणण्याची रिक्षा चालवायचा आणि मी मुलींसाठी मेस काढली. पोळ्या मी करायची, आत्याबाई भाजी निवडायची, डाळ निवडायची. वरच्या दोन खोल्यांत मुली राहायच्या.

शहरातलं चर्च मोठं. बाजा, ड्रम, माईक. लोक हात वर करून गायचे, पुष्कळ जण रडायचे. परीक्षा जवळ आली की पास्टर खास प्रार्थना ठेवायचा आणि मुलांच्या पेनांना तेल लावायचा. निकाल लागला की ज्यांचे नंबर लागले त्यांची साक्ष. ज्यांचे लागले नाहीत ते त्या रविवारी यायचे नाहीत. पास्टर तरुण होता, वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटायचं की ज्याचा हात वर त्याचं मन वर. आत्याबाई शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायची आणि प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली की उठून बाहेर चपलांपाशी जायची.

मेसमधल्या मुली तिला आजी म्हणायच्या. हिंदूच सगळ्या, पण परीक्षेच्या वेळी कुणाचाही देव चालतो. हदगावची एक मुलगी होती, बडबडी. ती एकदा म्हणाली, आजी, माझ्यासाठी प्रार्थना करा ना.

आत्याबाई डाळीतले खडे काढत होती. म्हणाली, "आधी सांग, कुणाशी भांडलीस का?"

मुलगी हसली. "रूममेटशी. माझ्या नोट्स तिला दिल्या नाहीत मी."

"मग तिला दे जा."

"आजी, तुम्ही देवाच्या हायेत का क्लासवाल्यांच्या? ती माझ्या पुढं गेली तर?"

"मग मला कशाला सांगून राहिली."

"बरं, देते. पण तिच्या मनात काही नाही आजी, आम्ही बोलतो चांगलं."

"मीबी असंच म्हणायचे," आत्याबाई म्हणाली.

मुलीला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी पोळी उलटवली.

एक गोष्ट मात्र मी बघत होते. वरच्या खोलीत कुणी मुलगी तापली की आत्याबाई जिना चढून जायची. गुडघे दुखायचे, तरी चढायची. जाऊन नुसती बसायची. प्रार्थना नाही, गाणं नाही, कपाळावर हातसुद्धा नाही, मुलगी हिंदू असायची ना, घरच्यांना वेगळं काही वाटायला नको. बाजूला खाली बसायची आणि ताप उतरेपर्यंत हलायची नाही. त्या हदगावच्या मुलीला डेंगू झाला तेव्हा तिची आई आली, तर तिला वाटलं ही आम्ही कामाला ठेवलेली बाई आहे. मी सांगितलं, सासू आहे माझी. ती म्हणाली, मग इथं काय करतात?

एकदा मी विचारलंच. "आत्याबाई, तुम्ही प्रार्थना करता की सोडली?"

"करते की."

"काय मागता?"

"मागत न्हाई काही. मी काय केलं ते सांगते. रोज सांगते."

"देवाला माहीत नाही का ते?"

"त्याला म्हाईत हाय. मला सांगावं लागतं."

मग एका संध्याकाळी पास्टर घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला. कमिटीत विषय निघाला होता. जो माणूस इतकी वर्षं प्रभुभोजन घेत नाही तो मंडळीचा सभासद धरायचा का? आणि सभासद नसेल तर उद्या काही झालं, कबरस्तानात जागा देताना लोक हरकत घेतील. जागा कमी पडत होती, हे खरं होतं. तो म्हणाला, "आजी, एकदा घ्या. प्रभू तुम्हाला बोलवतोय." आत्याबाई म्हणाली, "बोलवतोय, पर कसं यायचं तेबी सांगितलंय त्यानं."

तो गेल्यावर मी तिला खूप बोलले. एक तुकडा तोंडात टाकायला काय जातं? आम्ही कुठं नेऊन पुरायचं तुम्हाला? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला उमरीला ने."

उमरीला धाकलीची मुलगी होती. भूकंपानंतर तिचं आमचं येणंजाणं राहिलं नव्हतं. आम्ही एसटीने निघालो. अहमदपूरला गाडी थांबली, नांदेडला बदलली. मी मनात हिशोब करून ठेवला होता की पोरगी माफ केलं म्हणेल, म्हातारी रविवारी पाव घेईल, आणि माझी कटकट संपेल.

धाकलीची मुलगी शेळ्यांना पाला टाकत होती. आम्हाला बघून तिला बरं वाटलं असं काही दिसलं नाही, पण पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर आत्याबाईनं सांगितलं. पापड लाटत होते ते, येते म्हटलं आणि गेले नाही ते, नंतर दर वेळी बोटं लावून काही नाही म्हटलं ते. काही झाकलं नाही. मग म्हणाली, "तू तिची लेक हायेस. तिच्या वतीनं मला माफ कर."

मुलीनं उष्टी ताटं गोळा केली. मग म्हणाली, "मोठी माय, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही न्हाई. मी लहान होते. पर आईचं मन मी कसं साफ करू? ती इथं यायची तवा रडायची त्या गोष्टीवरून. माफ केलं असं ती कधी म्हनली न्हाई. मी म्हनले तर ते खोटं व्हईल."

मला तिचा राग आला. एवढी म्हातारी एवढ्या लांबून आली, एक शब्द टाकायला काय झालं होतं. मी तसं बोललेही. आत्याबाईनं मला गप्प केलं. "न्हाई. बरोबर बोलली ती."

निघताना मुलीनं तुरीची डाळ बांधून दिली. येताना अहमदपूरच्या स्टँडवर मी चहा आणला तो आत्याबाईनं घेतला नाही. गाडी सुटल्यावर म्हणाली, "पोरगी आईवर गेली." त्या बोलण्यात राग नव्हता.

त्यानंतर ती उतरणीला लागली. जिना चढणं बंद झालं, मग चालणं बंद झालं. मुली खाली येऊन तिच्याजवळ बसायच्या, पुस्तक उघडून. माझ्या नवऱ्यानं आईची काळजी म्हणून पास्टरला सांगितलं, आणि तो प्रभुभोजन घेऊन घरी आला. लहानशा पेटीत सगळं होतं, छोटा प्याला, झाकणाचा डबा. त्यानं ते स्टुलावर मांडलं. मी बाजूला उभी होते, हात पिठाचे.

आत्याबाई त्याला म्हणाली, "थांबा. आधी विचारू द्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं पाणी मागेल. म्हणाली, "पोरी, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही हाय का?"

आता इथं काय म्हणायचं ते लहान लेकरालाही माहीत होतं. पास्टर माझ्याकडं बघून मान हलवत होता. नवरा दारात उभा. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हाय."

"सांग मग."

"माझी लेक तुमच्यासमोर पडली होती. तुम्ही जावेच्या डोक्यातली माती काढत बसल्या. माझ्या लेकीकडं बघितलं न्हाई. तुमची नात व्हती ती."

इतक्या वर्षांत हे मी कुणापुढं बोलले नव्हते, नवऱ्यापुढंही नाही. तो तिथून निघून गेला.

आत्याबाई म्हणाली, "हाव. न्हाई बघितलं. मला बघायचं तोंड नव्हतं. ती रोज तिकडं कशाला जायची, म्हाईत हाय का? मी तिला जवळ घेत नव्हते. माझं सगळं त्या भांडणात चाललं व्हतं. ती मायेसाठी तिकडं गेली आन् तिथं दबली." मग थांबून म्हणाली, "हे मी देवाला सांगितलं. तुला न्हाई सांगितलं."

पास्टर खाकरला. म्हणाला, "ताई, आजींनी कबूल केलं. तुम्ही माफ करताय ना? म्हणा, काही नाही."

मी खूप प्रयत्न केला. नाही निघालं. "अजून हाय," मी म्हणाले.

पास्टरचा चेहरा पडला. आत्याबाईचा नाही पडला. ती त्याला म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या पाळकसाहेब. झाकून ठेवा." आणि मला म्हणाली, "खोटं बोलली न्हाईस, बरं झालं."

त्यानं पेटी आवरली. प्याल्यातला रस परत बाटलीत ओतला.

पुढं आत्याबाई सकाळी मी तिचं अंग पुसायला बसले की विचारायची. "हाय का अजून?" मी म्हणायची, "हाय." ती म्हणायची, "बरं." आणि मी तिची पाठ पुसायची. चिडून नाही विचारायची. दूध आलं का विचारावं तसं. मला सुरुवातीला त्रास व्हायचा, मग सवय झाली. त्या दिवसांत आम्ही पोरीबद्दल बोलायला लागलो. ती शेंगदाणे खिशात लपवायची ते, आणि वेणी घालताना पळायची ते. आत्याबाईला पुष्कळ आठवत होतं. भिंतीपलीकडून ती सगळं ऐकत असायची, हे मला तेव्हा कळलं.

एका सकाळी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कमी झालंय. पाळकसाहेबांना बोलवू का?"

ती हसली. तिला हसताना मी भूकंपानंतर क्वचितच पाहिलं होतं. "कमी म्हंजे हाय," ती म्हणाली. "नको बोलवू."

त्याच आठवड्यात ती गेली. प्रभुभोजन न घेताच गेली.

कमिटीत बोलणं झालंच. एक जण म्हणाला, भूकंपापासून जिनं प्रभूच्या मेजाकडं पाठ फिरवली तिला आपण विश्वासी कसं म्हणायचं. मी तिथं नव्हते, नवऱ्यानं सांगितलं. शेवटी पास्टर म्हणाला म्हणे, की मी पुष्कळ घरी प्याला घेऊन गेलो, सगळ्यांनी घेतला, आणि तो घ्यायला आपण लायक आहोत का हे आधी विचारणारं मला तेवढं एकच घर भेटलं. जागा मिळाली. कंपाउंडच्या भिंतीला लागून, कोपऱ्यात.

उमरीची मुलगी आली होती. तिनं माती टाकली. मेसच्या मुली लांब उभ्या होत्या, क्लास बुडवून. हदगावची ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली होती, तेव्हाही तिचा नंबर लागला नाही. ती सगळ्यांत जास्त रडली.

खरी भक्ती कशी ओळखायची ते मला विचारू नका. मी चौथी शिकलेली बाई आहे. मी एवढं जाणते की माझ्या घरात एक बाई इतकी वर्षं देवाच्या दारात चपलांपाशी बसली, आत गेली नाही आणि घरीही गेली नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला पास्टर थांबला. शहरातही ती रीत होती, फक्त तिथं उठून कुणाकडं जायचं नाही, बाजूला बसलेल्याशीच हात मिळवून विचारायचं. माझ्या शेजारची बाई वळली, हात पुढं केला आणि हसून म्हणाली, "मनात काही नाही ना?"

तिच्याबद्दल माझ्या मनात खरंच काही नव्हतं. ती माझ्या ओळखीचीही नव्हती. मी तिचा हात धरला आणि तेवढ्यात मला आठवलं की ज्या बाईबद्दल आहे, ती आता कबरस्तानात भिंतीच्या कोपऱ्यात आहे, आणि उरलेलं जे आहे ते सकाळी विचारायला कुणी येणार नाही.

पावाचं ताट माझ्यापुढं आलं. मी हात मांडीवर ठेवला. ताट पुढं गेलं.